सगळी औषधं एका पिशवीत: पोटुशी आणि अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी

बेळगावात शहापूरच्या बाजूला माझं औषधांचं दुकान आहे. येळ्ळूर, उचगाव, कडोलीपासून खानापूरपर्यंतच्या बायका येतात, चंदगडच्याही येतात. "अक्का, कंबर दुखायलीय, एक गोळी द्या की," एवढंच म्हणतात. दिवस गेलेत हे सांगत नाहीत, विचारलं की लाजून हसतात. म्हणून हे लिहिते आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कुठली गोळी सुरू करायची आणि कुठली बंद, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण डॉक्टरांसमोर काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि दुकानात काय मागायचं नाही, हे मी नक्की सांगू शकते.

आपल्या सीमाभागात एक गोष्ट वेगळी आहे, ती आधी सांगते. सासर खानापुरात, माहेर चंदगड नाहीतर गडहिंग्लजला. पहिलं बाळंतपण माहेरी. मग सहा महिने इकडच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या, गरोदर बाईच्या तपासण्या नोंदायचं कन्नडमधलं तायी कार्ड, आणि सातव्या महिन्यानंतर तिकडचे डॉक्टर, मराठी कार्ड, नव्या चिठ्ठ्या. जुन्या गोळ्या कुणी बंद करायला सांगितलेलं नसतं, त्यामुळे नव्या त्यांच्यात मिसळतात. एका मुलीच्या पिशवीतून दोन वेगळ्या नावांच्या लोहाच्या गोळ्या आणि वर "रक्तवाढीचं टॉनिक" असं सगळं निघालं. तिन्हींत लोहच होतं. पोट जड, संडास कडक, मळमळ, आणि घरचे म्हणत होते की पोटुशीला असं व्हायचंच. प्रत्येक डॉक्टरांनी आपल्यापुरतं बरोबर लिहिलं होतं, पण सगळं एकत्र कुणीच पाहिलं नव्हतं.

पिशवी कशी भरायची

घरातली एक कापडी पिशवी घ्या आणि तुम्ही खाता, पिता, अंगाला लावता ते सगळं त्यात घाला. गोळ्यांची पाकिटं, टॉनिकच्या बाटल्या, प्रोटीन पावडरचा डबा, वैद्यांनी दिलेली पुडी, सासूबाईंनी आणलेला काढा, कंबरेचं मलम, तोंडाला लावायचं क्रीम, नाकात घालायचे थेंब. मलम आणि क्रीम बायका हमखास विसरतात. गोळी पाकिटातच राहू द्या, सुट्या गोळ्या डबीत ओतून आणल्या तर कुणालाच काही ओळखता येत नाही.

मग कार्डाच्या मागे एक कागद जोडा. औषधातल्या घटकाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधीपासून, कुणी दिलं. घटकाचं नाव म्हणजे कंपनीनं दिलेलं मोठ्या अक्षरातलं नाव नव्हे, पाकिटावर त्याच्याजवळ जे मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं ते. जनऔषधीच्या दुकानात याच नावानं गोळी मिळते. इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानदाराला घटक वाचून दाखवायला सांगा. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नाही, दुकानदार ओळखीचा असला तरी. आणि डब्यावर "नॉट फॉर मेडिसिनल यूज" छापलेलं असेल तर ते औषध म्हणून नव्हे, खाद्यपदार्थ म्हणून विकलं जातं हे लक्षात घ्या. तेही पिशवीत हवंच.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. त्या दिवशी पिशवी न्या. माहेरी जाताना न्या, बाळंतपण झाल्यावर सासरी परतताना पुन्हा न्या. नव्या डॉक्टरांना सरळ विचारा, "यातलं काय चालू ठेवू, काय बंद करू?"

दुकानात तोंड उघडताच पहिलं वाक्य हे असू द्या: मी पोटुशी आहे, किंवा मी अंगावर पाजते. समोर कन्नड बोलणारा असेल तर "नानु बसुरी" म्हटलं तरी पुरे. पाळी चुकली असेल आणि खात्री नसेल, तरी तसंच सांगा. सुरुवातीचेच आठवडे सर्वांत नाजूक असतात.

लोह, कॅल्शियम आणि बाकीची जीवनसत्त्वं

बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून ती नीट मिटायला मदत करणारं फोलिक अ‍ॅसिड मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायचं, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि पहिले बारा आठवडे न चुकता. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, तुम्हाला मधुमेह असेल किंवा फिटची गोळी चालू असेल, तर डॉक्टर ५ मिलिग्रॅमची देतात. आपल्याकडे ५ ची गोळी सहज मिळते म्हणून सगळ्याच तीच घेतात. मात्रा तरी चिठ्ठीवरचीच हवी.

चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं, रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर दिवसाला दोन सांगतात. आशाताई पाकीट देऊन जातात आणि ते कपाटात पडून राहतं, कारण संडास काळी होते आणि बाई घाबरते. काळी होणं हे लोहामुळेच, त्यात काही वाईट नाही. संडास कडक झाली तर पाणी, पालेभाजी, इसबगोल. गोळी सोडून देऊ नका. लोहाच्या गोळीवर चहा मात्र नको. आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी बाजूला ठेवा, आणि गोळीबरोबर लिंबाचं पाणी घ्या, लोह चांगलं शोषलं जातं.

कॅल्शियमची सरकारी गोळी ५०० मिलिग्रॅमची, त्यात २५० युनिट ड जीवनसत्त्व असतं. चौदाव्या आठवड्यापासून दिवसाला दोन, जेवणाबरोबर, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. "जास्त घेतलं तर बाळाची हाडं जास्त मजबूत होतील" असं समजून काही जणी वरून टॉनिक घेतात. बेंगळुरू आणि टांझानियात पहिलटकरणींवर मोठा अभ्यास झाला, तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार टाळायला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम १५०० पेक्षा उणं पडलं नाही, असं त्यात दिसलं. तेव्हा चिठ्ठीवर आहे तेवढंच बस.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, मध्ये दोन तास हवेत. थायरॉइडची गोळी असेल तर ती या दोघांपासून चार तास लांब. बायकांना हे तोंडी सांगितलं की गोंधळतात, म्हणून मी पाकिटावरच वेळा लिहून देते: सकाळी सहाला उपाशीपोटी थायरॉइड, अकराला लोह लिंबू-पाण्याबरोबर, दुपारच्या जेवणात एक कॅल्शियम, रात्रीच्या जेवणात दुसरं. उपाशीपोटी लोहानं फारच मळमळत असेल, तर डॉक्टरांना विचारून वेळ बदला.

माळकरी घरातल्या आणि जैन, लिंगायत घरातल्या बायकांनी बी-१२ तपासून घ्यावं. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि थोडंफार दूध-दह्यातून मिळतं, भाज्यांतून मिळत नाही. आईत कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. अशी बाळं सुस्त होतात, वाढीत मागे पडतात, हातपाय थरथरायला लागतात. माळ उतरवायची गरज नाही, गोळी किंवा इंजेक्शन पुरेसं आहे.

अ जीवनसत्त्वाचं उलटं आहे, ते जास्त झालं तर बाळात दोष येऊ शकतो. रेटिनॉलच्या रूपातलं अ दिवसाला १०,००० युनिटच्या वर जाऊ देऊ नये. कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल म्हणूनच नकोत. आपल्याकडे रक्त वाढावं म्हणून पोटुशीला रोज कलेजी खायला घालतात. प्रेमानं घालतात हे मला ठाऊक आहे, पण १०० ग्रॅम कलेजीत या मर्यादेच्या दुपटीहून जास्त अ असू शकतं. रोजची कलेजी थांबवा. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला हवा तेवढा खा, त्यातल्या अ चा धोका नाही.

अ जीवनसत्त्वाच्याच कुळातलं आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांचं औषध लग्नाआधी पुष्कळ मुली घेतात. त्यानं गर्भात गंभीर दोष येतात. ते थांबवल्यावर किमान एक महिना गर्भ राहू देऊ नये. सोरायसिसवरचं अ‍ॅसिट्रेटिन घेतलं असेल तर तीन वर्षं. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईनं हे आवर्जून वाचावं.

कंबर, डोकं, ताप

माझ्याकडे सर्वांत जास्त मागणी याचीच. तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल हे गरोदरपणातलं पहिलं औषध. ५०० मिलिग्रॅमची गोळी, लागेल तेवढीच, थोडे दिवस. ताप अंगावर काढणंही बाळाला चांगलं नाही, त्यामुळे "काहीच घेणार नाही" हा हट्टही नको. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर दवाखाना.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही मंडळी नकोत. वीस आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. अडचण अशी की बाजारातल्या किती तरी गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर यांपैकी एक मिसळलेलं असतं. बाई पॅरासिटामॉल समजून तीच घेते. पाकिटावर दोन घटक दिसले की थांबा. गावातल्या दवाखान्यात "एक सुई मारा" म्हणायची सवय आहे, त्या सुईतही बहुधा डायक्लोफेनॅकच असतं. सुई टोचण्याआधी पोटुशी असल्याचं सांगा आणि औषधाचं नाव विचारा. पावसाळ्यात खानापूर भागात ताप आला की आणखी एक कारण: डेंग्यू असेल तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अ‍ॅस्पिरिनबद्दल मात्र घोळ करू नका. डॉक्टरांनी ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची छोटी अ‍ॅस्पिरिन लिहिली असेल तर ती दुखण्यासाठी नसते, रक्तदाबाचा आजार टाळण्यासाठी असते. सहा देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आपल्या बेळगाव भागातल्या पहिलटकरणीही होत्या. लवकर सुरू केलेल्या छोट्या अ‍ॅस्पिरिननं अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाली, हे २०२० साली त्यातून पुढं आलं. शेजारीण म्हणाली म्हणून ती गोळी बंद करू नका.

ज्या गोळ्या स्वतःहून थांबवायच्या नाहीत

पाळी चुकली की काही जणी सगळ्याच गोळ्या फेकून देतात. फिट, थायरॉइड, साखर, दमा, रक्तदाब, नैराश्य यांच्या गोळ्या अशा एकदम तोडल्या तर आईला आणि बाळाला गोळीपेक्षा जास्त इजा होऊ शकते. थायरॉक्सिनची तर गरोदरपणात बहुतेकींना मात्रा वाढवावी लागते. दम्याचा पंप चालूच ठेवायचा. पण काही गोळ्या बदलाव्या लागतात, त्याही शक्यतो दिवस जाण्याआधी: रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, फिटची व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करणारी वॉरफरिन. रक्तदाबासाठी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा असे पर्याय आहेत. व्हॅल्प्रोएट घेणारी मुलगी लग्नाला उभी राहिली की मेंदूविकाराच्या डॉक्टरांना भेटायला हवं, कारण त्या गोळीनं बाळाच्या अंगात दोष येण्याचा आणि पुढं बुद्धीची वाढ खुंटण्याचा धोका बराच मोठा आहे. फिटचा आजार लपवून लग्न लावतात आणि मग मुलगी चोरून गोळी घेते किंवा घेतच नाही. हे पाहिलं की माझा जीव तुटतो.

अँटिबायोटिक उरलेलं, दुसऱ्याचं, जुन्या चिठ्ठीवरचं घेऊ नका. डॉक्सिसायक्लिननं बाळाच्या दातांवर डाग पडू शकतात. अमॉक्सिसिलिनसारखी वर्षानुवर्षं वापरातली औषधं आहेत, पण निवड डॉक्टरांची.

मोबाइलवर "कॅटेगरी बी म्हणजे सुरक्षित" असं वाचून येणाऱ्या शिकलेल्या मुलीही असतात. गरोदरपणात औषधाचा धोका एका अक्षरात सांगायची ती ए-बी-सी-डीची पद्धत अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१५ पासून काढून टाकायला घेतली, कारण एका अक्षरात कितव्या महिन्यात, किती मात्रा, कशासाठी हे मावत नाही. मिसोप्रोस्टॉलचंच बघा. दिवस असताना ते गर्भ पाडतं, आणि बाळ जन्मल्यावर तेच आईचा रक्तस्राव रोखतं. २००६ साली प्रसिद्ध झालेला त्याचा नावाजलेला अभ्यास आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला होता. बाळंतपणानंतर ६०० मायक्रोग्रॅम दिलं तेव्हा जास्तीचा रक्तस्राव १२ टक्क्यांवरून साडेसहाच्या आत आला. तीच गोळी दुकानातून परस्पर आणून गर्भ पाडायला घेणाऱ्या बायका रक्तस्रावानं सिव्हिलला पोचतात. गर्भपात हवा असेल तर कायद्यानं घालून दिलेल्या मुदतीत आणि अटींत तो कायदेशीर आहे, डॉक्टरांकडे जा.

काढा, पुडी, मिश्री

झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, असं नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, ओवा, बडीशेप हे अन्नाच्या मापात बाळंतिणीला चालतं, त्याबद्दल मी कधी कुणाला अडवत नाही. नाव-घटक नसलेली पुडी मात्र नको. भस्म घातलेल्या औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली भारतातून नेलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांमुळे सहा गरोदर बायकांना शिशाची बाधा झाल्याची नोंद आहे. वैद्यांचं औषध घ्यायचं तर नोंदणी असलेल्या वैद्यांकडून, सीलबंद, घटक छापलेलं.

"मुलगा व्हावा" म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात देतात ती पुडी तर चुलीत घाला. गर्भ राहतो त्याच क्षणी मुलगा की मुलगी ठरलेलं असतं. अशा औषधांचा संबंध बाळातल्या दोषांशी आणि मृत बाळ जन्मण्याशी असल्याचं हरियाणातल्या अभ्यासांत दिसलं आहे.

निपाणी-चिकोडीकडच्या माझ्या मायबहिणींनो, मिश्रीसुद्धा पिशवीत घाला. दात दुखतो म्हणून, पोट साफ होतं म्हणून तुम्ही ती औषधासारखी लावता, पण ती भाजलेली तंबाखू आहे. तोंडात लावायच्या तंबाखूनं बाळाचं वजन सरासरी शंभर ग्रॅमनं घटतं, असं मुंबईतल्या अभ्यासात २००४ साली दिसलं. डॉक्टरांना सांगायला लाजू नका, सोडायला मदत मिळते. दात दुखत असेल तर दाताच्या डॉक्टरांकडे जा, दिवस असतानाही दाताचा इलाज होतो.

अंगावर पाजताना

इथं उलटी चूक होते. साधी गोळी सुरू झाली की घरचे दूध तोडायला लावतात. बहुतेक औषधं दुधात फार थोडी उतरतात. पॅरासिटामॉल चालतं, आणि दिवस असताना नको म्हटलेलं आयब्युप्रोफेन आता चालतं. नेहमीची बरीचशी अँटिबायोटिक चालतात. टीबीची औषधं चालू असतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाजता येतं. दूध पाजून झाल्याबरोबर गोळी घेतली, तर पुढच्या पाजण्यापर्यंत तिचा जोर बऱ्याचदा उतरलेला असतो.

सावध राहायचं ते कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाबाबत आणि ट्रॅमाडॉलबाबत. काही आयांच्या अंगात कोडीनचं मॉर्फिन झपाट्यानं होतं, ते दुधातून उतरतं, बाळ गुंगतं आणि त्याचा श्वास मंदावू शकतो. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असेल तर दूध कमी होतं. कॅबरगोलिननं दूध बंदच होतं. कॅन्सरची औषधं, लिथियम, अ‍ॅमिओडारोन असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाजू नका. बाळ महिन्याच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर प्रत्येक गोळी विचारूनच. आणि कुठल्याही औषधानंतर बाळ जास्त झोपायला लागलं, ओढून पिईना, असं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

पाळणा लांबवायला माला-एनसारखी गोळी पाजताना पहिले सहा महिने नको, तिच्यातल्या इस्ट्रोजेननं दूध घटू शकतं. छाया ही हार्मोन नसलेली गोळी चालते, अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर. दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी, ग्राइप वॉटर, मध, काहीच नको. ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे हवेत, रोज ४०० युनिट, वर्षभर. इथं एक नीट बघा: काही बाटल्यांत एका मिलीत ४०० युनिट असतात, काहींत ८००. सासरची बाटली संपली आणि माहेरी दुसरी आणली, तर जुन्याच मापानं दुप्पट जातं. बाटली बदलली की माप पुन्हा विचारून घ्या.

नको ती गोळी आधीच घेतली असेल तर

घाबरून गर्भ पाडायला धावू नका. कुठलंच औषध न घेतलेल्या बायकांच्याही शंभरांतल्या दोन-तीन बाळांत काही ना काही जन्मजात दोष असतो, आणि एखाद-दुसऱ्या गोळीनं बहुतेक वेळा काहीच होत नाही. कागदावर लिहा: औषधाचं नाव, किती मात्रा, कुठल्या तारखांना, शेवटची पाळी कधी. ते घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचे बरेच अवयव नीट पाहता येतात, ती चुकवू नका. कर्नाटकात आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४, रक्तस्राव किंवा झटके आले तर १०८. औषधाचा दुष्परिणाम झाला असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तुम्ही स्वतः कळवू शकता. तिथं बॅच नंबर विचारतात, म्हणून गोळ्या संपल्या तरी पाकीट जपून ठेवा.